ओझ्यासकट

यवतमाळच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"ताई, हीच घ्या. एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर."
मी विचारलं, "ओझ्यासकट?"
तो हसला. शंभराचे ऐंशी झाले.
"बांगड्यांच्या दोन पेट्या, मागं एक, पायाशी एक.
मे महिना, आडवं वारं,
आन् लाखखिंडीचा चढ?"
ऐंशीचे साठ झाले.
मी अजून पिशवीची चेनही उघडली नव्हती.

आमच्या धंद्यात मनगट कोणी मोजत नाही.
मनगट सगळ्यांचंच बारीक.
अंगठा आत दाबून पंजा जिथं सगळ्यात रुंद होतो
तिथून बांगडी न फुटता गेली पाहिजे.
सव्वादोन की अडीच, ते ती हाडं ठरवतात.
बॅटरीचंही मी तसंच धरलं.
सोमवारचा बाजार गावातच, तो मनगट.
शनिवारचा धामणदरीचा,
जायचे बावीस, यायचे बावीस, मधे खिंड,
तो पंजा.

इर्शादभाई विहिरीच्या मोटारी भरतात,
त्यांनी बिडीच्या पाकिटावर मांडून दिलं:
अठ्ठेचाळीस व्होल्ट गुणिले तीस,
चौदाशे चाळीस.
किलोमीटरमागं तीस खाईल, तुमच्या पेट्या धरून.
"हलकीवाली दूर नेते, पण उन्हात तिचं डोकं तापते.
लोखंडवाली घ्या, बाई. जड हाय, पण सोशिक हाय."
जड आणि सोशिक. मी मान हलवली.
म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. शनिवारचे चव्वेचाळीस.
उरले चार.

काचेला टिचकी मारली की कळतं,
तडा असेल तर ती खोकते.
मी बॅटरीवर टिचकी मारली.
मुकी.
म्हणून वॉरंटीचा कागद तीनदा वाचला.

घरी आल्या आल्या वायर लावायची नाही.
उन्हातून आलेल्या माणसाला आधी टेकू द्यावं, तसं
तासभर फरशीवर, दाराच्या वाऱ्याला.
गिरणी चालू असेतो नाही,
तेव्हा पंखाही फिरायचं सोडून विचार करतो.
मोटारींना रातपाळीची लाइन असेल त्या आठवड्यात
पहाटे उठून पाहायचं, दाब आला का.
मामंजी खाटेवरून म्हणतात,
"म्हशीले एवढं जपलं असतं त
दुधाले गंज पुरला नसता."
सहा तासांनी लाल दिवा हिरवा होतो.
हिरवा रंग मी डझनावर विकते,
पण असा, एकटा, अंधारात,
तो पाहायला उठतेच.

चैतात लांजेवारांकडं चुडा भरायला गेले.
नवरीच्या आईनं मांडवातून वायर ओढून दिली,
कूलरचा प्लग काढून माझा लावला.
बायका पदरानं वारा घेत बसल्या,
मी हातामागून हात भरत गेले.
चाळीस हात झाले तेव्हा
दोन काड्या चढल्या होत्या.
पैसे देताना तिनं विजेचं नाव काढलं नाही.
मी नवरीला दोन बांगड्या वरून घातल्या.

आणि मग तो शनिवार.
धामणदरीत कोणी तरी गेलं होतं,
बाजार लागलाच नाही.
एक बांगडी उतरली नाही पेटीतून.
तेव्हा कळलं, विकलं की परतीची गाडी हलकी होते,
न विकलेलं सगळं परत येतं
आणि परत येताना त्यालाही वीज लागते.
पाकिटावरच्या हिशोबात
वारंही नव्हतं.
पुलाच्या अलीकडं शेवटची काडी लुकलुकली, गेली.
उतरले. ढकलत निघाले.
पेट्या खळखळत होत्या, लग्नघरासारख्या.
ती तेवढी गप्प.
म्हटलं, ये बाई, आता तू पण ओझंच.

दिवे लागले तेव्हा पोचले.
बटण दाबायला हात गेला होता, रागानं.
मग तिच्या पाठीवर तळवा ठेवून पाहिला.
गरम होती.
तासभर थांबले.